मांडणीवरचं विमान

विमान शिकणारा माणूस उंचीला घाबरतो, असा लोकांचा समज आहे. मी उंचीला कधीच घाबरलो नाही. आंबागडच्या पायथ्याशी माझं गाव. किल्ल्याच्या तटावर बसून, खाली पाय सोडून बोरं खाण्यात माझं बालपण गेलं. मला दरदरून घाम फुटला तो सहा घड्याळांपुढे.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नागपूरला छोटी विमानं शिकवणारा एक क्लब होता आणि शिष्यवृत्तीवर मला तिथे जागा मिळाली होती. धान पिकवणाऱ्या घरातला पोरगा विमान चालवणार म्हटल्यावर गावाने मला लगेच पायलट करून टाकलं. वरून कुठलंही विमान गेलं की शेजारीण माझ्या आईला विचारायची, "तुया पोरगाच होय का वो?" आणि आई वर न बघताच सांगायची, "नाई, थो जेवून राहिला असन आता."

छोट्या विमानात तुमच्या नाकासमोर सहा गोल घड्याळं असतात, वर तीन, खाली तीन. वरच्या रांगेतलं पहिलं वेगाचं. दुसरं क्षितिजाचं, त्यात अर्धं निळं आभाळ, अर्धी तपकिरी जमीन आणि मधल्या रेषेवर एवढंसं विमान. तिसरं उंचीचं. खालच्या रांगेतलं पहिलं वळणाचं. त्याच्या पोटात एक वाकडी काचेची नळी आणि नळीतल्या द्रवात एक काळी गोळी. दुसरं दिशेचं. शेवटचं चढ-उताराचं, म्हणजे आपण मिनिटाला किती फूट वर किंवा खाली चाललोय ते सांगणारं. हवा स्वच्छ असली, बाहेर खरं क्षितिज दिसत असलं की या सहांवाचून फारसं अडत नाही. ढगात शिरलात की मात्र यांच्याशिवाय तुम्हाला कोणी वाली नाही.

पहिले दोन महिने मी बाहेर बघून मजेत उडालो. आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, हिंदीत बोलणारे आणि तेही मोजकंच. एक दिवस त्यांनी माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याचा लांब टोप चढवला. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात त्याच जातीचा तो प्रकार. तो घातला की समोरची घड्याळं तेवढी दिसतात, बाहेरचं काही नाही. सर म्हणाले, "सीधा उड़ाओ. बस."

आता इथे माझ्या बापाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आमच्याकडे जमीन सपाट आहे की नाही हे पाण्याला विचारतात. धानाची बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला शेताचा तुकडा, चिखलणी करून पाण्याने भरली की कुठे ढेकूळ वर आलंय, कुठे खड्डा आहे, सगळं कळतं. माझे वडील या कामातले पंचक्रोशीतले जाणकार. दोन भावांचं बांधावरून भांडण झालं की वडिलांना बोलावणं यायचं. ते पाण्याने भरलेली परात घेऊन जायचे, बांधावर ठेवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि निकाल द्यायचे. "पानी खोटं बोलत नाई," हे त्यांचं शेवटचं वाक्य असे. त्यावर अपील नव्हतं. मी हे वाक्य पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो.

तेव्हा सहा घड्याळांपैकी मला माझं वाटलं ते एकच, गोळीवालं. नळीत द्रव, द्रवात गोळी. गोळी मधोमध म्हणजे विमान सपाट, यात शंका कसली? बाकीची पाच घड्याळं मी शोभेला लावल्यासारखी सोडून दिली आणि बापाच्या निष्ठेने त्या गोळीकडे टक लावून बसलो.

दोनेक मिनिटं गेली. इंजिनाचा सूर जरा चढला. वारा जरा जास्तच शिट्ट्या मारायला लागला. मी गोळीकडे पाहिलं, गोळी शांत.

"सब ठीक?" सरांनी विचारलं.

"एकदम लेव्हल, सर."

"पक्का?"

"गोळी मधोमध आहे, सर."

"टोप उतारो."

मी टोप काढला आणि माझ्या डाव्या खांद्यापाशी एक आख्खा तलाव उभा होता. भिंतीला आरसा टांगावा तसा. त्याच्या काठावरच्या म्हशी आडव्या चालत होत्या आणि भराभर मोठ्या होत होत्या. सरांनी इंजिन कमी केलं, पंख सरळ केले, नाक हळूच वर घेतलं. म्हशी पुन्हा पायांवर आल्या.

खाली उतरल्यावर त्यांनी समजावलं. विमान कलून वळायला लागलं की आतलं सगळंच त्या वळणाबरोबर दाबलं जातं; तुम्ही, तुमचं पोट, तुमचा चहा आणि ती गोळीसुद्धा. विमान कितीही कललं असलं तरी गोळी मधोमध राहू शकते. वळणात विमान घसरतंय की नाही एवढंच ती सांगते. सपाटीशी तिचा संबंध नाही. मग ते म्हणाले, "तीन हफ्ते की छुट्टी. वापस आके टोप में पंद्रह मिनट सीधा उड़ाओ. नहीं हुआ तो सीट दूसरे को दूँगा." दुसरा तयारच होता. यादीतला पुढचा मुलगा रोज सकाळी येऊन माझ्याकडे दुःखी नजरेने बघायचा, आणि ते दुःख माझ्याविषयी नव्हतं.

जागा गेली तर माझं काय होणार हेही ठरलेलं होतं. तुमसरला माझ्या मामाची धानाची गिरणी होती. तिथल्या ओट्यावर उकडलेला धान वाळत घालतात. त्यावर देखरेख करायला मामाला घरचा माणूस हवा होता. देखरेख म्हणजे मुख्यतः चिमण्या हाकलणं. उडायला निघालेल्या माणसाने उडणाऱ्यांना हाकलत आयुष्य काढायचं, या विचाराने गावाकडच्या एसटीत मला जेवण आठवलं नाही की झोप.

घरी पोचून मी वडिलांना पाण्याचं सत्य सांगितलं. ती माझी चूक झाली.

"पानी खोटं बोलत नाई," ते म्हणाले.

"बाबा, वळणावर बोलते."

"पानी?"

"हव जी."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू नागपूरच्या हवेत पोराला काहीतरी बाधलंय. शेवटी मी लोट्यात पाणी भरलं, विहिरीच्या दोराला बांधलं आणि अंगणात गरगर फिरवलं, खालून वर, वरून खाली. लोटा डोक्यावर उलटा होत होता, पाण्याचा थेंब पडत नव्हता. लहान पोरं करतात तो खेळ. पण वडिलांनी त्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोर हिसकावून घेतला, स्वतः फिरवला. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला गाठ सुटली आणि लोटा शेजारच्या छपरावर जाऊन दोन कवेलू, म्हणजे कौलं, फोडून आत उतरला. आतून शेजारीण ओरडली. वडिलांनी दोराचं सुटलेलं टोक निरखून पाहिलं. म्हणाले, "पानी खोटं नाई. तुमी त्याले फिरवता म्हनून त्याचं डोकं फिरते." आणि कवेलू बदलायला गेले.

आई हे सगळं चुलीपासून बघत होती. "मंग आता कोनाचं आयकाचं?" तिने विचारलं.

"सहा घड्याळं असतात. सगळ्या सहांचं."

"दाखव."

आमच्या स्वयंपाकघरात दोन फळ्यांची मांडणी होती आणि तिच्यावर आईची सहा पितळी ताटं उभी असत, वर तीन, खाली तीन. भंडाऱ्याहून लग्नात आलेली, चिंचेने घासून लखलखीत ठेवलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्हा दोघांना एकदमच सुचलं. ताटांना भोक पाडायला तिने साफ मनाई केली. म्हणून बांबूच्या कामट्यांचे काटे केले आणि शिजलेल्या भाताच्या शितांनी चिकटवले. खडूने आकडे लिहिले. क्षितिजाच्या ताटावर एकच लांब कामटी आडवी. आई म्हणाली, "हा तं बांध झाला." तेव्हापासून आमच्या घरात क्षितिजाचं नाव बांध पडलं.

मग मी मांडणीसमोर पाटावर बसलो, विमानाचा दांडा म्हणून दोन गुडघ्यांमध्ये मुसळ धरलं आणि टोप म्हणून कपाळाला सूप बांधलं. या अवतारात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडील दारातूनच परत फिरले.

प्रत्येक घड्याळाचा स्वभाव मी आईला समजावला. उंचीच्या घड्याळाला रोज उडायच्या आधी हवेचा दाब लावून द्यावा लागतो, नाहीतर ते भलतीच उंची सांगतं. "म्हनजे रोज मनधरणी. जावई हाय," आई म्हणाली. चढ-उताराचं घड्याळ जरा उशिरा बोलतं, विमान चढून मोकळं झालं की मग सांगतं चढलो म्हणून. "तुया काका," आई तत्काळ म्हणाली. आमच्या काकांना आज सांगितलेल्या विनोदावर परवा हसू येतं.

तिची शिकवण्याची तऱ्हा अशी. भाकरी थापता थापता ती उठायची, पिठाच्या हाताने एखादा काटा सरकवायची आणि विचारायची, "काय झालं?" वेग वाढला, उंची घटली, काका खाली वळले म्हणजे नाक खाली गेलं, मी मुसळ मागे ओढायचो. ती मग माझ्या उपायाप्रमाणे सगळे काटे पुन्हा लावायची आणि मी चुकलो असलो तर सरळ सांगायची, "मेला तू." एका सकाळी मी स्वयंपाक होईपर्यंत नऊदा मेलो. उंचीच्या ताटाला शितांमुळे मुंग्या लागल्या आणि दुपारी बघतो तर त्या हजार फुटांवरून दोन हजारांकडे रांगेने निघाल्या होत्या. त्यांची चढण माझ्यापेक्षा सरळ होती, हे मला आजही मान्य करावं लागतं.

"तू एकीलेच धरून बसते," आई सांगायची. रोवणीच्या दिवसांत बायांच्या टोळीची ती म्होरकी असे. बाया ओळीने वाकून धानाची रोपं रोवत मागे सरकतात. एक मागे पडली की ओळ वाकडी होते. "मी एकीकडेच पाहात रायली तं बाकीच्या पाच जनी गप्पा मारतेत. नजर फिरती पाह्यजे. हिच्याकडे, तिच्याकडे, मंग पुन्हा हिच्याकडे. कोनाकडेच जास्त नाई." सरांनी इंग्रजी पुस्तकातून दोन तास समजावलेली गोष्ट हीच होती, फक्त त्यात बाया नव्हत्या.

दहा दिवसांनी आमच्या गावची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि घराघरात पाहुणे उतरतात. आमच्याकडे गिरणीवाला मामा आला, सोबत त्याची दोन माणसं. आला तो थेट स्वयंपाकघरात. मी सूप बांधून, मुसळ धरून, भातुकलीतल्या नवरदेवासारखा बसलो होतो आणि आई म्हणत होती, "मेला. पुन्हा मेला."

मामाने आईला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी याले आजच घेऊन जातो. चिमण्या हाकलन, मोकळ्या हवेत राहीन, बरा होईन."

"आठ दिवस थांब," आई म्हणाली. "नाई जमलं तं ने."

त्याच दिवशी, पंगतीच्या आधी, आईने मांडणीवरची मधली दोन ताटं उचलली. वरचं बांधाचं आणि त्याच्या खालचं दिशेचं.

"माय, हे काय?"

"पावने आले ना. ताटं नोको का?"

"पण बांधाशिवाय मी उडू कसा?"

"चार हायेत ना अजून. उड." आणि ती गेली.

मी चिडलो. पोराचं आयुष्य पणाला लागलेलं आणि हिला पाहुण्यांची पडली, असं मी वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो. मामा अंगणात पळसाच्या पत्रावळीवर भात ओरपत होता आणि अधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होता. पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले, पण ताटं काही मांडणीवर आली नाहीत. विचारलं तर म्हणे शेजारणीकडे मंडईचे पाहुणे आहेत, तिने नेली. दोन कवेलू फोडल्यानंतर शेजारणीबद्दल बोलायला मला तोंड नव्हतं. निमूटपणे चार ताटांवर उडायला लागलो. पहिले दोन दिवस इतका मेलो की आईने मोजणं सोडलं. मग हळूहळू कळायला लागलं की बांध नसला तरी वळणाचा काटा सांगतो, वेग सांगतो, उंची सांगते, काका उशिरा का होईना सांगतात. सगळ्यांचं थोडंथोडं ऐकलं की न दिसणारा बांध डोक्यात दिसतो.

नागपूरला परत गेलो त्या सकाळी यादीतला पुढचा मुलगा नवा शर्ट घालून आला होता. मला त्याचा राग आला आणि शर्ट आवडला.

वर गेल्यावर सरांनी टोप चढवला. पाच मिनिटं मी सहा घड्याळांवर नजर फिरवत सरळ उडालो. मग सरांनी खिशातून रबराच्या दोन गोल चकत्या काढल्या आणि समोरच्या दोन घड्याळांवर थापल्या. "ये दोनों एक ही पंप की हवा पे चलते हैं," ते म्हणाले. "पंप बंद. अब उड़ाओ."

मी बघितलं. मधली दोन. बांध आणि दिशा.

मला हसू आलं. सर म्हणाले, "हँसने की बात नहीं है," आणि खरंच नव्हती, कारण मिनिटभरात माझं अंग सांगायला लागलं की आपण डावीकडे कलंडतोय. अगदी शपथेवर सांगत होतं. मांड्या सांगत होत्या, मान सांगत होती, पोट तर हातापाया पडत होतं. वळणाचा काटा म्हणत होता, सरळ. वेग म्हणत होता, ठीक. उंची हलत नव्हती. काका शांत होते. इतकी वर्षं ज्या अंगात राहिलो ते एकीकडे आणि चार घड्याळं दुसरीकडे. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. त्या भीतीत आईचा आवाज आला तो काही धीर देणारा नव्हता. ती "कोनाकडेच जास्त नाई" म्हणत होती, रोवणीतल्या बायांवर ओरडायची त्या पट्टीत. मी नजर फिरवत राहिलो. हिच्याकडे, तिच्याकडे, पुन्हा हिच्याकडे.

"टोप उतारो," सर म्हणाले.

समोर क्षितिज होतं तसं आडवं होतं. खाली वैनगंगा होती आणि म्हशी पायांवर उभ्या होत्या.

"ये कहाँ सीखा?" सरांनी विचारलं. "दो ढक दो तो सब गिरते हैं."

"घर पे, सर."

त्यांना ते उद्धटपणाचं उत्तर वाटलं असावं, पण जागा माझी राहिली. यादीतल्या मुलाला मी कँटीनमध्ये चहा पाजला. पुढच्या वर्षी त्यालाही जागा मिळाली.

पहिली सुट्टी मिळताच घरी गेलो. आई चुलीपाशी होती आणि मांडणीवर सहाही ताटं परत लखलखत होती, काटे नाहीत, आकडे नाहीत. मी तिला सगळं सांगितलं. चकत्या, मधली दोन, पोटाने दिलेली खोटी साक्ष. ती भाकरी उलटत ऐकत होती.

"बरं झालं मामा आला," मी म्हणालो. "पावन्याइले ताटं लागली म्हणून मी वाचलो. नाईतर गिरणीवर असतो."

"मामा तं पत्रावळीवर जेवला," आई म्हणाली.

अंगणात बसलेला मामा, त्याच्यासमोरची पळसाची पत्रावळ, भात, हलणारी मान, सगळं मला लख्ख आठवलं. मी ते तेव्हा बघितलं होतं आणि तरी बघितलं नव्हतं.

"मंग ताटं काहून काढली?"

"तू त्या बांधाकडेच पाहून राहिला होता. आधी गोळी धरली होती, मंग बांध धरला. तुया बापासारखा. एक गोष्ट धरली का धरली." तिने भाकरी टोपलीत टाकली. "म्हनून मधलीच काढून घेतली. म्हटलं, आता तरी बाकीच्याइकडे पाहीन."

जिने विमान आभाळातल्या ठिपक्याएवढंच पाहिलं होतं तिने मला हे शिकवलं होतं, आणि मी तिला पाहुण्यांवरून बोललो होतो. मला रडू आलं. चुलीचा धूर होता म्हणून निभावलं.

"अन् शेजारणीनं नेली होती ते?"

"तिनं कायले नेवाव? तिच्याकडे स्वतःची दहा हायेत."

"मंग होती कुठे?"

"तुया खाटेखाली," आई म्हणाली. "आठ दिवस तू त्याच्यावरच झोपत होता."